मनातला गेम कागदावर उतरवताना

"तुला कोणता व्हिडिओ गेम बनवायला आवडेल?" असं विचारलं की बहुतेक मुलं गोष्ट सांगायला लागतात. शिवकाळ आहे, एक मावळा आहे, अंधारी रात्र आहे, कडा चढून जायचंय, वर शत्रूचा सरदार वाट बघतोय. ऐकायला छान वाटतं. मग मी विचारते, "बरं, पहिल्या दहा सेकंदांत खेळणारा काय करतो? त्याचा अंगठा कशावर आहे?" इथे बोलणं अडतं.

सुट्टीत मुलांना गेम बनवायला शिकवते, त्यामुळे हे अडणं मी पुष्कळदा पाहिलंय. कल्पनाशक्ती कमी म्हणून कुणी अडत नाही. आपण गेमची कल्पना सिनेमासारखी करतो, म्हणून अडतो. सिनेमा बघायचा असतो. गेम हातानं करायचा असतो, आणि त्याची कल्पनाही हातापासूनच सुरू करावी लागते.

ज्यांनी आजवर फक्त गेम खेळलेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल, कारण अर्ध्याहून जास्त कामाला कॉम्प्युटर लागतच नाही. उदाहरणाला मी माझ्याच मनातला गेम घेते. त्याचं नाव 'दारं'.

आधी क्रियापद शोधा

वहीच्या कोऱ्या पानावर एक वाक्य लिहा: "या गेममध्ये मी ______." रिकाम्या जागी हाताला करता येईल असं एक क्रियापद हवं. "राज्य वाचवते" चालणार नाही, तो शेवटी लागणारा निकाल झाला. "लढते" हेसुद्धा ढिलं आहे. लढते म्हणजे काय करते? वाट अडवते? दोर कापते? कड्यावरून दगड लोटते? दगड लोटणं चालेल. त्यात कधी लोटायचा, कुठला लोटायचा, आत्ता लोटला तर नंतर काय उरेल, हे सगळं आपोआप येतं.

जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन केला तो १९८० साली. तेव्हाच्या गेम पार्लरमध्ये गोळ्या झाडण्याचे खेळ भरलेले होते आणि तिथे मुली, जोडपी फारशी येत नसत. त्यांनाही यावंसं वाटेल असा खेळ इवातानींना हवा होता, आणि त्यांनी सुरुवातीला धरलं ते क्रियापद होतं 'खाणं'. एकदा खाणं ठरल्यावर तोंड आलं, ठिपके आले, बोळ आले आणि उलट आपल्यालाच खायला निघालेली चार भुतंही आली. मारिओ म्हणजे उडी मारणं. टेट्रिस म्हणजे फिरवून बसवणं. आपल्या लगोरीत दोन क्रियापदं आहेत, फोडणं आणि रचणं. ज्यांनी फोडली त्यांनीच चेंडूचा मार चुकवत ती परत रचायची. हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही, पाच मिनिटं उभं राहून बघितलं की कळतो.

क्रियापद सुचत नसेल तर गेम आठवू नका. जवळून पाहिलेलं एखादं काम आठवा, जे जाणकार माणूस सहज करतो आणि नवख्याला जमत नाही. पतंगाला ढील देणं. लोकल स्टेशनात शिरायच्या आधी गर्दीतून दाराशी सरकणं. तव्यावरच्या भाकरीवर लक्ष ठेवत दुसरी थापणं. गजरा ओवणं. शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावच्या रानात भटकायचे, गुहा शोधायचे, आणि ते भटकणं पुढे १९८६ च्या 'लीजंड ऑफ झेल्डा'त आलं. सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, त्यातून पोकेमॉन निघाला. अशी दहा कामं लिहून काढा. त्यातलं जे लिहिताना तुमचा हात आपसूक हलेल, ते घ्या.

माझा हात हलला तो 'दारं धरणं' लिहिताना.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. शेताला पाट-पाणी देताना पाटातून येणारं पाणी एकेका वाफ्यात सोडतात. वाफ्याच्या तोंडाशी मातीचा छोटा बांध असतो, ते त्याचं दार. फावड्यानं माती ओढली की दार फुटतं, पाणी आत शिरतं. वाफा भिजला की तीच माती लोटून दार बांधायचं आणि पुढचं फोडायचं. हे करणं म्हणजे दारं धरणं. धुळे जिल्ह्यात माझ्या मामाचं शेत आहे, त्याच्या कांद्याच्या वाफ्यांवर मी हे पाहिलंय. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. हिवाळ्यातल्या एका रात्री मी त्याच्याबरोबर बांधावर बसले होते. पाणी दिसत नव्हतं. बॅटरीच्या उजेडात फक्त एक चमकणारी कड पुढे सरकत होती, कोरड्या मातीतून बुडबुडे निघत होते, आणि मामा अनवाणी पायांनी ओल कुठवर आली ते ओळखत होता.

तेव्हाच वाटलं होतं, हे कुणालातरी करून बघायला द्यावं.

काय कमी आहे, ते ठरवा

क्रियापद एकटं असलं तर त्याचं खेळणं होतं, गेम होत नाही. गेमला टंचाई लागते: वेळ कमी, जागा कमी किंवा वस्तू कमी. आणि एक ओढाताण लागते, म्हणजे एक साधायला गेलं की दुसरं बिघडावं.

'दारं'मध्ये टंचाई लाईटची. ती कधी जाईल सांगता येत नाही. ओढाताण अशी की वाफा लवकर सोडला तर कांदा तहानलेला राहतो आणि उशिरा सोडला तर बांध फुटून पाणी वाया जातं. एवढं मला पुरलं. तुमच्या वहीतही दोनच ओळी लिहा: "कमी आहे ते:" आणि "हे साधलं की ते बिघडतं:". दुसरी ओळ भरता येत नसेल तर पुढे जाऊ नका, क्रियापदाकडे परत या.

कागदावर खेळा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते खरं काम इथेच होतं. जुन्या मारिओच्या पायऱ्या आणि खड्डेसुद्धा आधी आलेख कागदावर काढलेले होते. घरात फासा असतो, चिंचोके असतात, काड्यापेटी असते. बस झालं.

मी पानावर सहा वाफे काढले आणि चिंचोके म्हणजे पाणी असं धरलं. एका वाफ्याला पाच चिंचोके पुरतात, सहावा कसाबसा मावतो, सातवा पडला की वाफा फुटला. फुटलेल्या वाफ्यात दोनच चिंचोके ठेवायचे आणि पुढची पाळी बांध लिंपण्यात घालवायची. दर पाळीला फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे चिंचोके पाटातून आले. दहा पाळ्या. सातव्या पाळीपासून आणखी एकदा फासा टाकायचा, त्यात एक पडला की लाईट गेली, खेळ संपला. शेवटी पूर्ण भिजलेल्या वाफ्याला दोन गुण, तीन किंवा चार चिंचोक्यांच्या वाफ्याला एक.

पहिल्यांदा मी असा नियम केला होता की आधी फासा टाकायचा, मग कोणत्या वाफ्यात पाणी सोडायचं ते ठरवायचं. खेळून बघितलं. तीन पडले, दोन चिंचोक्यांचा वाफा शोधला, टाकले. चार पडले, एकवाला शोधला, टाकले. नुसती बेरीज. दोनदा खेळून मी कंटाळले.

मग फक्त क्रम बदलला. आधी दार निवडायचं, मग फासा टाकायचा. बाकी एकही नियम हलवला नाही. आणि हात थांबायला लागला. वाफ्यात तीन चिंचोके आहेत. दोन किंवा तीन पडले तर वाफा भरतो, एक पडला तर अजून थोडा तहानलेला राहतो, आणि चार, पाच, सहा पडले तर फुटतो. म्हणजे फुटण्याची शक्यता निम्मी. सोडून द्यावा की भरून घ्यावा? शेतातही हेच असतं. व्होल्टेज वरखाली झालं की पाट एकदम भरून येतो नाहीतर रोडावतो, आणि ते दार फोडल्यावरच कळतं.

कागदावर हा बदल करायला अर्धं मिनिट लागलं. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर हीच चूक सापडली असती तर दोन-तीन दिवस गेले असते. त्याहून वाईट म्हणजे एवढी मेहनत केल्यावर चूक मान्य करावीशीही वाटली नसती.

कागदी खेळ निदान दहा वेळा खेळा. दर वेळी एकच नियम बदला आणि बदल तारीख घालून लिहा. दोन नियम एकदम बदलले तर कशानं सुधारलं ते कळत नाही. आणि खेळताना तुमचा हात कुठे थांबला, तिथे वहीत खूण करा. हात कुठेच थांबत नसेल तर तो गेम अजून झालेला नाही.

ज्याला ते काम येतं, त्याच्या हातात द्या

दिवाळीत मी तो कागद मामासमोर ठेवला. नियम सांगितले आणि गप्प बसले. हे गप्प बसणं मुद्दाम शिकावं लागतं. खेळणारा चुकला की "अहो, असं नाही" म्हणायला जीभ शिवशिवते. म्हणायचं नाही. तो जिथे चुकला तिथे तुमचा नियम अस्पष्ट आहे, एवढं लिहून घ्यायचं.

मामा दोन पाळ्या खेळला आणि तिसऱ्या पाळीला म्हणाला, "हे दार बांधलंस कधी?"

मी म्हटलं, "पुढचं निवडलं की मागचं बंद झालं."

"असं नसतं गं. आधी पुढचं फोडायचं, मग मागचं बांधायचं. आधी बांधलंस तर पाणी जाईल कुठे? पाट फुटेल."

खरंच होतं ते. त्या रात्री मी शेजारी बसून पाहिलं होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. थोडा वेळ दोन्ही दारं उघडी असतात, पाणी दोन्हीकडे जातं. म्हणून वाफा पुरता भरायच्या जरा आधीच पुढे सरकावं लागतं.

मी तिथेच नियम बदलला. दार बदलायच्या पाळीला पाणी निम्मं मागच्या वाफ्यात, निम्मं पुढच्यात. विषम आकडा पडला तर जास्तीचा चिंचोका मागच्याला. खेळ पूर्ण पालटला. आता तीन चिंचोक्यांवर हललात तर मागचा वाफा कधीच फुटत नाही, कारण सहा पडले तरी त्याच्या वाट्याला तीनच येतात. चारवर हललात तर पाच किंवा सहा पडल्यावर फुटतो. पूर्ण पाच होईपर्यंत थांबलात तर सरकताना त्याहून मोठा धोका. मामानं वर्षानुवर्षं पायाच्या तळव्यानं ओळखलेली गोष्ट त्या एका नियमानं फाशात आली.

म्हणून सांगते, तुमच्या गेममधलं काम ज्याला खरोखर येतं अशा माणसाला गाठा. गजऱ्याचा गेम असेल तर गजरेवालीला, भाकरीचा असेल तर आजीला. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नसला तरी बिघडत नाही. त्यांना "आवडला का?" विचारू नका, आवडला असंच म्हणतील. "यात खोटं काय वाटतं?" हे विचारा.

आता कापा

कल्पना रंगायला लागली की ती वाढत जाते. माझीही वाढली. मामाच्या भागात पांझरेच्या काठी, आणि तिकडे मोसम, आरम नद्यांवर, तीनेकशे वर्षांहून जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, तिथून निघालेला पाट, पुढे चाऱ्या. भिजणारं रान सहसा चार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कोणता फड यंदा भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे पाणी बघून गाव मिळून ठरवतं. पाणी द्यायला पाटकरी असतो. मला हे सगळं गेममध्ये हवं होतं: गावाची बैठक, पाटकऱ्याचा शब्द, दुष्काळाचं वर्ष, चार फडांची फेरपालट. मी पंधरा पानं लिहिली.

ती पानं आता वेगळ्या वहीत आहेत. वहीवर लिहिलंय 'नंतर'.

पहिल्या गेमला सहा वाफे आणि एक रात्र पुरते. टेट्रिसचे कर्ते अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत ज्या कोड्यावरून सुरुवात केली त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे होते. ते गेमसाठी फार झाले, म्हणून ते चार चौकोनांवर आले, आणि तुकडे उरले सात. ते सात आज जगभर ओळखले जातात. दुसरीकडे 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी चित्रं, संगीत, प्रोग्रॅम सगळं एकट्यानं केलं. तो २०१६ साली आला आणि त्याला चार वर्षांहून जास्त लागली. उमेद वाटण्यासाठी तो जरूर आठवा, पण पहिल्या गेमचं माप म्हणून धरू नका. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. त्यातले महाल आणि लढाया बघून आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्यामागे अख्खी टोळी राबते.

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे 'याशिवाय गेम चालत नाही', उजवीकडे 'असलं तर छान'. उजवी बाजू सगळी 'नंतर'च्या वहीत. मन दुखतं, पण काही फेकून दिलेलं नाही, हे ध्यानात ठेवलं की सोपं जातं.

मग स्क्रीनकडे

साधन निवडण्यात महिना घालवू नका. अजिबात प्रोग्रॅमिंग येत नसेल तर स्क्रॅच घ्या. रंगीत ठोकळे जोडून गेम होतो, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो. गेम म्हणजे वाचायची आणि वाट निवडायची गोष्ट असेल तर ट्वाइन पुरतं. थोडं शिकायची तयारी असेल तर गोडो. तेही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्यावर केलेला गेम पूर्ण तुमचा राहतो.

मराठीत गेम करणार असाल तर पहिल्याच दिवशी एक तपासणी करा. स्क्रीनवर 'किल्ला', 'दुसऱ्या' आणि 'श्रीकृष्ण' लिहून बघा. पुष्कळ साधनांना रोमन अक्षरं एकापुढे एक मांडता येतात, पण आपली अक्षरं जोडता येत नाहीत. मग 'किल्ला'तली वेलांटी क-च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, आणि ल-ला ल जोडण्याऐवजी मध्ये पाय मोडलेला दिसतो. 'दुसऱ्या'तला चंद्रकोरीसारखा र तर हमखास हरवतो. गोडोमध्ये २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट येतात, त्याआधीच्या आवृत्त्यांत येत नसत. आठ महिने काम करून शेवटी हे कळलं तर सगळ्या पाट्या चित्रं म्हणून काढत बसावं लागतं. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेला 'मुक्त' घ्या. तो मोफत आहे आणि बारीक आकारातही वाचता येतो.

पहिल्या दोन आठवड्यांत एकही चित्र काढू नका. वाफा म्हणजे तपकिरी चौकोन, पाणी म्हणजे निळा चौकोन, दार म्हणजे रेघ. पहिला टेट्रिस ज्या मशिनवर लिहिला गेला त्यावर चित्रं काढायची सोयच नव्हती, कंसाची चिन्हं जोडून तुकडे दाखवले होते. तरी तो खेळ हातातून सुटत नव्हता. चौकोनांचा गेम कंटाळवाणा असेल तर चित्रांनी तो सुंदर आणि कंटाळवाणा होईल.

एकट्यानं पुढे सरकत नसेल तर गेम जॅममध्ये नाव घाला. तिथे एक विषय मिळतो आणि ठरलेल्या वेळात गेम करायचा असतो. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर वर्षी होतो, आणि त्याचे ४८ तास प्रसिद्ध आहेत. चौकोनांचा का होईना, गेम पूर्ण होतो. 'दारं'चा पहिला चालणारा नमुना मी अशाच ४८ तासांत केला. फोनवर बोटानं माती ओढायची, पुढचं दार फोडायचं, मग मागचं बांधायचं. उलट्या क्रमानं केलं तर पाट फुगत जातो आणि फुटतो.

आणि आवाज. चित्राआधी आवाज करा, विशेषतः तुमच्या गेममध्ये अंधार, गर्दी किंवा घाई असेल तर. फोनचा रेकॉर्डर पुरतो, फक्त वारा लागू नये म्हणून माइकवर रुमाल धरा, आणि प्रत्येक आवाज निदान अर्धा मिनिट घ्या.

मी पाण्याचा एक आवाज इंटरनेटवरून घेऊन नमुन्यात घातला होता. मामानं फोन हातात घेतला, अंगठ्यानं दोन वाफे नीट भिजवले, तिसऱ्याला थांबला आणि फोन कानाशी नेला.

"हे नळाचं पाणी आहे," तो म्हणाला. "वाफ्यातलं असं वाजत नाही. आधी माती पीत असते तेव्हा चुरचुरतं. मग बुडबुड येतं. आणि भरत आला की गप्प होतं. गप्प झालं की उठायचं."

पुढच्या पाण्याच्या पाळीला मी रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. तीन आवाज हवेत: चुरचुर, बुडबुड आणि ते गप्प होणं. तिसरा नीट मिळाला तर वाफा किती भरला ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी मी काढून टाकणार आहे.